रद्द केलेला हंगाम

कारखान्यांचं गाळप सुरू झालं की साताऱ्यात आमच्या घरापुढचा रस्ता दुपारभर थरथरत असतो. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला ऊस, वळणावर घासून पडलेली कांडी, आणि ड्रायव्हरनं कानठळ्या बसतील अशी लावलेली गाणी. खिडकी उघडी असली तर कच्च्या उसाचा हिरवट गोड वास घरात येतो. तोडीनंतर रानात राहिलेला वाळका पाला, म्हणजे पाचट, जळाल्याचा वास मात्र इथपर्यंत पोचत नाही. त्यासाठी खाली, येरळा नदीच्या काठाला उतरावं लागतं.

दिनकर नसतानाचा हा पहिला हंगाम. तो भाद्रपदात गेला. गेलेल्या माणसाचा चेहरा डोळ्यांसमोर येतो, असं लोक म्हणतात. मला त्याची पाठ दिसते. पांढरा सदरा, खांद्याला कापडी पिशवी, नजर जमिनीवर खिळवून जरा पुढं झुकलेली पाठ. बत्तीस वर्षं मी त्या पाठीमागून चालले.

आम्ही दोघंही पुरातत्त्वाची माणसं. उत्खनन म्हटलं की लोकांना चटकन कळतं, कारण त्यात खड्डा असतो. सर्वेक्षण म्हटलं की समजावून सांगावं लागतं. सर्वेक्षण म्हणजे चालणं. माणसांनी दहा-दहा पावलांवर एका ओळीत उभं राहायचं आणि शेताच्या एका बांधापासून दुसऱ्या बांधापर्यंत खाली बघत जायचं. जुन्या वस्तीचं खापर, गारगोटीचं एखादं पातं, मणी, जे दिसेल ते उचलायचं, पिशवीत घालायचं, त्यावर चिठ्ठी लावायची आणि वहीत लिहायचं : कुठं, केव्हा, काय. हे सगळं दिसणार कधी? तर ऊस निघाल्यावर. वर्षभर ऊस जमीन झाकून ठेवतो. तोड झाली, पाचट पेटवलं, की राखेखालून जमीन वर बघायला लागते. शेतकऱ्यानं खोडवा राखला, म्हणजे तेच बुडखे पुन्हा फुटू दिले, तर आम्हाला तीन-चार आठवडे मिळायचे. त्यानं बुडखे मोडून नांगर घातला तर खालचं सगळं वर यायचं, आणि आमची दिवाळी व्हायची. आमच्या घरात कॅलेंडर असायचं, पण वर्ष मोजलं जायचं ते उसाच्या तोडीवर.

ज्या हंगामाबद्दल लिहायला बसले आहे तो सात-आठ वर्षांपूर्वीचा. दिनकर नोकरीतून निवृत्त झाला होता. येरळेच्या खोऱ्याचं सर्वेक्षण त्यानं तरुणपणी हाती घेतलं होतं आणि नोकरीच्या धबडग्यात तुकड्या-तुकड्यानं केलं होतं. राहिलेला शेवटचा पट्टा कडेगाव तालुक्यातला. गावाचं नाव लिहीत नाही. जुन्या जागांची नावं छापून आली की लोक सोनं शोधायला पहारी घेऊन जातात, त्यामुळं ही सवयच लागली आहे. मार्गशीर्षात आम्ही तिथं गेलो आणि सैन्यातून निवृत्त झालेल्या एका सुभेदारांच्या घरी दोन खोल्या घेऊन राहिलो. सगळं गाव त्यांना सुभेदारच म्हणायचं. मिशा पांढऱ्या, कंबर ताठ. पहिल्याच सकाळी ते कॅनव्हासचे बूट घालून आमच्या दारात हजर.

"मॅडम, तुमी फकस्त सांगायचं, कुटनं कुटपर्यंत चालायचं. लाईन सोडली तर मिशा काढून ठिवीन."

ते खरोखरच संचलनात चालावं तसं चालत. खापर दिसलं की "हॉल्ट!" म्हणून ओरडत. दिनकर पोट धरून हसायचा. त्या दिवसांत तो खूप हसायचा. आज वाटतं, आठवण दगा द्यायला लागली की माणूस हसून वेळ मारून नेतो. मला तेव्हा हे कळलं नाही. मला वाटलं, निवृत्ती त्याला मानवली.

आमच्या मागून बांधाबांधानं शाळेची पोरं यायची. सुरुवातीला लांबून, मग जवळून, मग थेट आमच्या ओळीत. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या कांबळे बाई एकदा शेतात येऊन म्हणाल्या, "सर, पोरांचं ध्यान वर्गात ऱ्हाईना झालंय. त्यापेक्षा शनवारी सकाळची शाळा सुटली की तुमीच त्यांना काय तरी शिकवा." बाई स्वतः मिरजेकडच्या. आजोबांनी धम्म घेतला आणि पोरींना शाळेत घातलं, हे त्या सहज, पण मान वर करून सांगायच्या. हातानं काम करायला त्यांना आवडायचं. पहिल्या शनिवारी शाळेमागच्या शिरसाच्या झाडाखाली पदर खोचून त्याही पोरांच्यात बसल्या.

ते शनिवार माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुंदर दिवस होते, हे आज लिहिताना हात थबकतो, कारण त्याच दिवसांत सगळं निसटत चाललं होतं.

दिनकरनं पोरांना ओढ्यातल्या गारगोट्या निवडायला शिकवलं. कानाशी धरून दुसऱ्या दगडानं टिचकी मारायची. खणखणीत वाजली तर घ्यायची, बद्द वाजली तर टाकायची. गुडघ्यावर जाड गोणपाट, डोळ्यांवर कांबळे बाईंनी कुठून तरी आणलेले प्लास्टिकचे चष्मे. "जोर लावू नका," तो सांगायचा. "मारायचं कुठं ते आधी बघा. एका जागी दगड दुसऱ्यांदा फुटत नाही." मग तो स्वतः एक टोला द्यायचा आणि नखाएवढं पातळ, पलीकडचा उजेड दिसेल असं पातं त्याच्या तळहातावर पडायचं. पोरांच्या तोंडातून एकदम "आ" निघायचा. एका पोरीनं त्या पात्यानं पेन्सिलीला टोक काढून दाखवलं. झालं, पुढच्या आठवड्यात सगळ्या शाळेच्या पेन्सिली दगडानं तासलेल्या. बांधावरचा घायपात सडवून त्याचे वाख, म्हणजे धागे, काढले, मांडीवर वळून दोरी केली. ओल्या मातीच्या वळकट्या एकावर एक चढवून चाकाशिवाय गाडगी केली. शेणकुटात भाजली तेव्हा निम्म्याहून जास्त तडकली. एक लहानगी रडायला लागली, तर दिनकर तिला म्हणाला, "अगं, त्या काळच्या पोरींचीही तडकलीच असणार. त्यांनी फेकून दिली, म्हणून तर आम्हाला सापडतात."

लाकडावर लाकूड घुसळून विस्तव काढायला तीन शनिवार लागले. पहिल्यांदा धूर निघाला तेव्हा पोरांनी एवढा गिल्ला केला की कांबळे बाई पाण्याची बादली घेऊनच धावत आल्या.

पोरांच्या छातीवर सेफ्टी पिनेनं लावलेल्या नावाच्या चिठ्ठ्या असायच्या. चौकोनी वहीचा कागद, त्यावर रंगीत स्केचपेननं मोठ्या अक्षरात : समर्थ. श्रावणी. आर्यन. सानिका. मला वाटायचं, ही कांबळे बाईंची शिस्त. बाईंना वाटायचं, ही आमच्या शिबिराची पद्धत. आम्ही दोघींनी एकमेकींना कधी विचारलंच नाही.

सानिका सुभेदारांची नात. पाचवीत होती. दोन वेण्या, पुढचा एक दात अर्धा तुटलेला, बोलताना समोरच्याकडे टक लावून बघायची सवय. रोज सकाळी आमच्या खोलीत चहा तीच आणायची, संध्याकाळी दिनकरजवळ बसून खापरं धुवायची. घासताना ब्रश कुठल्या बाजूनं फिरवायचा हे तिला एकदाच सांगावं लागलं. दिनकर म्हणायचा, हिचा हात कामाचा आहे.

आता मागं वळून बघताना सगळं दिसतं. चालता चालता त्याची ओळ तिरकी जायला लागली होती. एकच शेत झालं का, म्हणून तो तीन-तीनदा विचारायचा. एकदा त्यानं नोंदी करायची पेन्सिल हरवली, ती सकाळपासूनची तिसरी. मी सगळ्यांदेखत ओरडले. "दिनकर, तू लहान आहेस का? लक्ष कुठं असतं तुझं?" सुभेदारांनी नजर दुसरीकडे वळवली. दिनकर हसला, आणि रिकाम्या बोटांकडे बघत राहिला. एवढ्या वर्षांच्या संसारात मी त्याला कितीदा बोलले असेन, तोही मला बोलला असेल; ते सगळं पुसलं गेलं आहे. हे एक पुसलं जात नाही.

माघातला एक शनिवार. गाडग्यांची माती मळणं चाललं होतं. सानिका पुढं वाकली आणि तिची चिठ्ठी पिनेतून सुटून चिखलात पडली. तिच्या लक्षात आलं नाही. दिनकर तिच्या शेजारीच होता. तिच्या गाडग्याची कड सारखी करून देत त्यानं मान वर केली आणि अगदी मायेनं विचारलं, "छान करतेस गं. नाव काय बाळ तुझं?"

त्याच दिवशी सकाळी तिनं त्याला चहा दिला होता. अडीच महिने रोज देत होती.

मी चमकून वळले ती त्याच्या प्रश्नानं नाही. तिच्या उत्तरानं. ती दचकली नाही, हसली नाही, "सर, असं काय करताय" म्हणाली नाही. पहिल्यांदाच भेटत असल्यासारखी नीट त्याच्याकडे बघून म्हणाली, "सानिका, सर." आणि चिखलातली चिठ्ठी हळूच उचलून, पुसून, परत लावली.

दुपारी ती हौदावर हातपाय धूत होती. मी तिच्याजवळ जाऊन बसले.

"सानिका, या चिठ्ठ्या कुणी लावायला सांगितल्या?"

तिनं पायांवर पाणी ओतलं.

"बाईंनी?"

"न्हाई."

"सरांनी सांगितलं?"

"सरांनी बी न्हाई." तिनं पायावरचा चिखल उगाचच पुन्हा घासला. "आमीच ठरवलं मॅडम. सर रोज नाव इचारायचे. मग एकदा समर्थ हसला तर सरांचं त्वांड कसंनुसं झालं. मी त्येला म्हणलं, हसायचं न्हाई. चिठ्ठी लावली की सरांना इचारायलाच लागत न्हाई."

"कधीपासून?"

"लय दिवस झाले. पौषापास्नं."

"मग मला का नाही सांगितलंस गं?"

तिनं माझ्याकडे टक लावून बघितलं. "मला वाटलं, तुमाला ठावं हाय. तुमी सरांच्या घरच्याच की."

हौदाच्या काठावर किती वेळ बसून होते आठवत नाही. ओल्या दगडाचा गारवा साडीतून अंगाला लागत होता, एवढंच आठवतं. बावीस पोरांना माहीत होतं. त्या सगळ्यांनी मिळून एका म्हाताऱ्या माणसाची अब्रू सेफ्टी पिनांनी टाचून धरली होती. आणि मी त्याच्या घरची.

त्याच दुपारी खोलीत येऊन मी दिनकरची नोंदवही उघडली. सर्वेक्षणात त्याची वही म्हणजे त्याचा शब्द. मी तिच्यात कधी हात घालत नसे. माझं काम खापरांचं, त्याचं काम जागांचं, अशी आमची वाटणी होती. अक्षर नेहमीसारखंच, टपोरं आणि सरळ. पहिली काही पानं ठीक होती. मग एकच क्रमांक तीन जागांना दिलेला. मग पिशव्यांतल्या चिठ्ठ्यांवर एक गाव आणि वहीत दुसरंच. आणि मग ओढ्यापलीकडच्या पांढरीची नोंद आली.

जुन्या वस्तीच्या जागेला आमच्याकडे पांढर म्हणतात. माणसं पिढ्यान् पिढ्या राहिली, चुली पेटल्या, भिंती पडल्या, त्यावर पुन्हा भिंती उठल्या, की मातीचा रंग राखी-पांढरट होतो. ओढ्यापलीकडं सुभेदारांच्या रानात असं एक बसकं टेकाड होतं. या पट्ट्यातली सगळ्यात महत्त्वाची जागा तीच असणार, असं दिनकर पहिल्या दिवसापासून म्हणत होता. त्यानं तिथं चार दिवस काम केलं होतं. त्या आठवड्यात मी तासगावला माझ्या धाकट्या बहिणीकडे गेले होते. तिच्या मुलीचं लग्न होतं. परतल्यापासून ओढ्यापलीकडं माझं जाणंच झालं नव्हतं.

नोंद फार सुंदर होती. टेकाडाची लांबी-रुंदी, उतार, कडेला नदीनं खाल्लेला भाग, तिथं दिसणारे राखेचे पट्टे, काळी-तांबडी खापरं, शंखाच्या बांगडीचा तुकडा. वाचता वाचता मी थांबले आणि पान पुन्हा पहिल्यापासून वाचलं. ओढ्यापलीकडच्या टेकाडाला नदीनं खाल्लेली कड नव्हतीच. ती नदी कृष्णा होती. ते टेकाड आम्ही लग्न झालं त्या वर्षी पाहिलं होतं. शंखाच्या बांगडीचा तुकडा मलाच सापडला होता. पानाच्या खाली त्यानं लिहिलं होतं : "मालती उत्तरेकडून येत आहे. ऊन फार आहे. तिला टोपी दिली."

चार दिवस तो समोरच्या टेकाडावर एकटा फिरला होता, आणि वहीत तीस वर्षांपूर्वीची मी उन्हातून चालत होते.

मी सुभेदारांना हाक मारली. त्यांना फार सांगितलं नाही, एवढंच म्हणाले, "नोंदींत गोंधळ झालाय. सगळं पुन्हा चालावं लागेल. उद्या सकाळी पांढरीपासून सुरू करू."

सुभेदारांचा चेहरा उतरला. ते दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले.

"मॅडम, पांढर न्हाई आता."

"म्हणजे?"

"सोमवारी काढली. तुमी आला त्याच्या आदल्या दिशी. जेसीबी लावला. लय वर्षं टेकाड सपाट करायचं म्हणत हुतो, तुमच्यासाठनं थांबलो. सरांना इचारून काढली मॅडम, न इचारता न्हाई. मी म्हणलं, सर, तुमचं झालं काय काम? सर म्हणले, झालं, सगळं लिवलं, आता काढा खुशाल." मग चौकट सोडून ते एक पाऊल आत आले. "आवं, सरांनी सांगितलं म्हंजी... आमी कोण त्येच्या म्होरं?"

त्यांची काहीच चूक नव्हती. त्यांनी विचारलं होतं. ज्याला विचारायला हवं होतं, त्यालाच विचारलं होतं.

दुसऱ्या दिवशी रविवारी सकाळी मी आणि सुभेदार तिकडं गेलो. टेकाडाच्या जागी सपाट रान. पांढरी माती ट्रॉल्यांनी शेजारच्या काळ्या शेतात नेऊन पसरलेली, कुणी राख सांडून गेल्यासारखी. आणि त्या पसरलेल्या मातीत पोरं. सानिकानं सगळ्यांना गोळा करून आणलं होतं, असं नंतर कळलं. पोरं ओळीत चालत होती, दहा-दहा पावलांवर, शिकवल्याप्रमाणं खाली बघत. मिळेल ते खापर उचलून बांधावर बसलेल्या दिनकरला नेऊन देत होती. तो एकेक तुकडा बोटांनी चाचपून सांगत होता. "हे चाकावरचं. या रेघा बघ आतून. हे हातानं केलेलं, तुमच्या गाडग्यासारखं. याला बाहेरून काजळी आहे, म्हणजे यात कुणाच्या तरी घरी भात शिजला." एकही चुकीचं नव्हतं. मी मागे उभी राहून ऐकत होते. एकही चुकीचं नव्हतं.

पण कुठल्या थरातलं, कुठल्या घरातलं, कशाच्या शेजारचं, हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं. आमच्या कामात तेवढंच मोलाचं असतं. ते गेलं की टोपलीभर तुकडे उरतात.

"मालू," मला पाहून तो म्हणाला, "केवढी मोठी जागा आहे गं ही! आधी कशी दिसली नाही आपल्याला?"

मिरजेच्या डॉक्टरांनी बरेच प्रश्न विचारले. वार, महिना, मुख्यमंत्री. त्याला सांगता येईना, तसा तो खजील होऊन माझ्याकडे बघे. "पत्नीचं नाव?" म्हटल्यावर मात्र एकदम सावरून बसला आणि खणखणीत आवाजात माझं नाव सांगितलं. माहेरच्या आडनावासकट. डॉक्टर तरुण होते. त्यांनी खाली मान घालून काहीतरी लिहिलं आणि मला बाहेर बोलावलं.

परतताना गाडीत दिनकर म्हणाला, "शनिवारी पोरांना जाळं विणायला शिकवू या का?"

सर्वेक्षण थांबवलं. शनिवार थांबवले नाहीत. शाळेला सुट्टी लागेपर्यंत आम्ही तिथंच राहिलो. खोडवा गुडघ्याएवढा झाला, जमीन पुन्हा झाकली गेली. पोरांनी घायपाताच्या दोरीचं जाळं विणलं, ओढ्यात टाकलं आणि त्यात एक खेकडा सापडला. निघायच्या दिवशी सानिकानं मला एक चिठ्ठी दिली. जांभळ्या स्केचपेननं लिहिलेली : मालती मॅडम. वर पिन टोचलेली.

"मला कशाला गं? मला ओळखतात ते."

"असू द्या मॅडम. ठिवा."

मी रागानंच ती पर्समध्ये टाकली. पुढं कैक वर्षांनी तो मला कधीच ओळखेनासा झाला आणि मी ती लावली, तेव्हा त्याला अक्षरं लागत नव्हती.

दिनकर गेल्यावर, यंदाच्या भाद्रपदात, सुभेदार भेटायला आले. आता काठी घेऊन चालतात. सोबत सानिका. ती मिरजेला नर्सिंग शिकते. सुभेदार काठीवर हात टेकून खुर्चीत बसले आणि म्हणाले, "मॅडम, त्या रानात ऊस लय जोरात येतो. बघवत न्हाई." मी त्यांना पाणी दिलं. दुसरं काय देणार होते?

पण मला सांगायचं आहे ते आधीचं. गावाहून परतल्यावर तिसऱ्या हिवाळ्यातलं.

येरळा खोऱ्याचा अहवाल पुरा करायचा होता. जन्मभराचं काम, वर त्याचं नाव येणार होतं. बाकी सगळे हंगाम पक्के होते. प्रश्न होता तो त्या शेवटच्याचा. आमच्या जुन्या सहकाऱ्यानं फोनवर सांगितलं, "मालतीताई, घालून टाका. पांढर आता राहिलेलीच नाही. तपासायला कोण जाणार आहे?" खरंच होतं. आणि दिनकरच्या वहीतली ती पानं इतकी देखणी होती की अहवालाचं सोनं झालं असतं. मी पंधरा दिवस ती वही टेबलावर ठेवून तिच्याभोवती फिरत होते. घालावं तर खोटं. काढावं, तर का काढलं ते कारण लिहावं लागणार, आणि त्याच्या आयुष्यातली शेवटची ओळ तीच होणार.

त्या दिवशी दुपारी तो माझ्यासमोर येऊन बसला. तेव्हा तो मला कधी ओळखायचा, कधी नाही. त्या दिवशी नाही. मला अहो-जाहो करत होता. विभागातली कुणी नवीन मदतनीस समजत असावा. त्यानं टेबलावरची वही ओढली, चष्मा लावला आणि वाचायला लागला. मी थांबवलं नाही. तो पानं उलटत गेला, मागं आला, पुन्हा पुढं गेला. पिशव्यांच्या यादीवर बोट ठेवून क्रमांक पुटपुटला. कपाळावर आठी पडली. विद्यार्थ्यांच्या वह्या तपासताना पडायची तीच.

"हे कुणी केलंय?"

मी वहीकडे बघितलं.

"एक क्रमांक तीन ठिकाणी. आणि हे बघा, हे वर्णन या खोऱ्यातलं नाहीच. हे कृष्णाकाठचं आहे. याला काही दिसत नव्हतं का?" तो अस्वस्थ झाला होता. "हे अहवालात घेणार आहात तुम्ही?"

"काय करू?" मी विचारलं. खरंच विचारलं. एवढ्या वर्षांत अडलं की त्यालाच विचारत आले होते.

"रद्द करा. सगळा हंगाम रद्द करा. एक चुकीची नोंद शंभर बरोबर नोंदी नासवते."

मी लाल पेन घेतलं. त्यानं वही माझ्याकडे सरकवली आणि पानं तो स्वतः धरून उलटत राहिला, एकेक. मी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रेघ ओढत गेले. ऊन फार आहे, तिला टोपी दिली, हे पान आलं तेव्हा माझा हात थांबला. तो वाट पाहत होता. मी त्यावरही रेघ ओढली.

शेवटचं पान झालं. त्यानं वही मिटली, तिच्यावर तळहात ठेवला. चेहऱ्यावरचा कडकपणा हळूहळू उतरला.

"अक्षर चांगलं आहे पण," तो म्हणाला. "मेहनत केलीय त्यानं. कुणीतरी नवीन असेल, एकटाच पाठवला असेल बिचाऱ्याला शेतात. घाबरला असेल." आणि माझ्याकडे वाकून, कुणाला ऐकू जाऊ नये अशा हळू आवाजात म्हणाला, "त्याला फार बोलू नका हं."

"नाही बोलणार, सर," मी म्हणाले.